प्रामाणिकपणाचा बयाणा

येरवड्याच्या आमच्या वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर दीड तास इंग्रजीचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे काय, तर एक फळा, दोन सतरंज्या, आठ-दहा मुलं-मुली आणि शिकवायला आम्ही. आम्ही काही इंग्रजीचे प्राध्यापक नव्हे. बी. कॉम. झालेला कारकून माणूस. पण कचेरीत इतकी वर्षे टिपणे, स्मरणपत्रे आणि निविदांचे मसुदे लिहून जे चार शब्द पदरात पडले, ते वस्तीतल्या मुलांच्या पदरात टाकावेत, एवढाच उद्देश. सावित्रीमाईंनी याच पुण्यात 1854 साली आपल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याविषयी लिहून ठेवले. त्या शाळेचेच आम्ही उशिरा आलेले विद्यार्थी.

मागच्या एप्रिलच्या पहिल्या रविवारी वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे थांबली. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करते. तिने पिशवीतून दोन कागद काढले.

“काका, एका संस्थेची फेलोशिप आहे. पंधरा तारखेच्या आत अर्ज भरायचाय. स्वतःविषयी इंग्रजीत लिहायचं होतं, ते लिहिलंय. तेवढं बघून द्याल का?”

आम्ही तिथल्या तिथे पहिली ओळ वाचली. “आय ॲम सिन्सिअर गर्ल.” आम्हाला हसू आले. म्हटले, अगं, ‘अ’ कुठे गेला? “आय ॲम अ सिन्सिअर गर्ल” असे हवे. तीही हसली. आम्ही कागद घडी करून खिशात ठेवले आणि बुधवारपर्यंत सगळे नीट करून देतो असे सांगितले. अगदी मनापासून सांगितले. त्या कागदांचे पुढे काय झाले ते सांगणारच आहोत, कारण हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे. पण आधी त्या शब्दाविषयी.

‘सिन्सिअर’ हा शब्द आमच्या फार जुन्या ओळखीचा. दहावी पास झालो तेव्हा शाळेने वर्तणुकीचा दाखला दिला. त्यावर मुख्याध्यापकांनी लिहिले होते, “ही इज सिन्सिअर अँड ओबीडियंट.” वडिलांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी विचारले, “सिन्सिअर म्हणजे काय रे?” आम्ही म्हटले, प्रामाणिक. वडिलांना इतका आनंद झाला की त्यांनी तो दाखला काचेच्या फ्रेममध्ये घातला आणि तथागत व बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली भिंतीवर टांगला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते बोट लावून दाखवीत. “आमचा पोरगा सिन्सिअर आहे. साहेबांनी लिहून दिलंय.”

पुढे कळले की वर्गातल्या ज्या मुलाला आमच्यापेक्षा नऊ गुण कमी होते, त्याच्या दाखल्यावर “इंटेलिजंट” लिहिले होते. आमच्या दाखल्यावर मात्र प्रामाणिक आणि आज्ञाधारक! वडिलांना हे आम्ही कधी सांगितले नाही. फ्रेम भिंतीवर तशीच राहिली. नोकरी लागल्यावरही हा शब्द आमच्या मागे आला. वर्षाच्या अखेरीस साहेब जो अहवाल लिहितात, त्यात कितीतरी वर्षे एकच शेरा होता, “अ सिन्सिअर वर्कर.” बढतीच्या यादीत मात्र दुसरीच नावे लागत. तेव्हा आमच्या लक्षात आले की या शब्दाने कधी कधी माणसाची पाठ थोपटतात आणि त्याच हाताने त्याला जागच्या जागी बसवतातही. म्हणून आपल्या मुलांनी हा शब्द नीट ओळखून घेतला पाहिजे असे आम्हाला वाटते. तो कुठे घ्यायचा, कुठे द्यायचा आणि कुठे नाकारायचा, हे कळले पाहिजे.

त्या रविवारी रात्री आम्ही शब्दकोश काढून बसलो आणि पुढच्या रविवारच्या वर्गाचा विषय ठरवून टाकला. तो धडा वाचकांच्या घरातील मुलांनाही उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात देतो.

पहिली गोष्ट अर्थाची. आपल्याकडे ‘सिन्सिअर स्टुडंट’ म्हणजे वेळेवर येणारा, गृहपाठ करणारा, खाली मान घालून बसणारा विद्यार्थी. मूळ इंग्रजीत हा अर्थ मुख्य नाही. तिथे सिन्सिअर म्हणजे ज्याच्या ओठांवर तेच पोटात आहे असा. हा शब्द लॅटिनमधील ‘सिन्सेरस’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ स्वच्छ, निर्भेळ. ‘सिने सेरा’ म्हणजे मेण न लावलेला, मूर्तीच्या भेगा मेणाने न बुजवणाऱ्या कारागिराचा, अशी एक गोष्ट यावर सांगतात. गोष्ट गोड आहे, पण शब्दांची मुळे शोधणारे विद्वान ती खरी मानीत नाहीत. तेव्हा आळशी मुलगाही सिन्सिअर असू शकतो. तो म्हणाला, मला अभ्यासाचा कंटाळा येतो, आणि त्याला खरेच कंटाळा येत असेल, तर तो सिन्सिअरच! कष्टाळू म्हणायचे असेल तर ‘हार्डवर्किंग’ किंवा ‘डिलिजंट’ म्हणावे. आपले काम सचोटीने, काळजीपूर्वक करणारा म्हणायचे असेल तर ‘कॉन्शिएन्शस’ हा शब्द आहे. तो उच्चारायला अवघड, पण नोकरीच्या अर्जात फार कामाचा.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. ‘ऑनेस्ट’ आणि ‘सिन्सिअर’ यांची नेहमी गल्लत होते. ऑनेस्ट माणूस खोटे बोलत नाही, हिशेबात घोळ करीत नाही. सिन्सिअर माणसाची भावना खरी असते. रोकड सांभाळणारा कॅशिअर ऑनेस्ट हवा, सांत्वनाला येणारा शेजारी सिन्सिअर हवा. ‘जेन्युइन’ म्हणजे अस्सल, हा शब्द वस्तूलाही चालतो. “जेन्युइन सर्टिफिकेट” म्हणतात, “सिन्सिअर सर्टिफिकेट” कोणी म्हणत नाही. ‘हार्टफेल्ट’ म्हणजे हृदयापासूनचे. आभार हार्टफेल्ट असतात, शोक हार्टफेल्ट असतो, पण “ही इज अ हार्टफेल्ट मॅन” असे म्हणू नये.

तिसरी गोष्ट व्याकरणाची. नामाआधी ‘सिन्सिअर’ येतो, क्रियापदाबरोबर ‘सिन्सिअरली’ येतो. “प्लीज ॲक्सेप्ट माय सिन्सिअर थँक्स” बरोबर. “आय सिन्सिअरली थँक यू” हेही बरोबर. “आय सिन्सिअर थँक यू” चूक. भाववाचक नाम ‘सिन्सेरिटी’. आपण कामाशी प्रामाणिक म्हणतो, म्हणून मुले “सिन्सिअर टू माय वर्क” लिहितात. इंग्रजीत ‘इन’ किंवा ‘अबाउट’ वापरतात. “शी वॉज सिन्सिअर इन हर अपॉलॉजी”, म्हणजे तिने मागितलेली माफी मनापासूनची होती. “ही इज सिन्सिअर अबाउट हेल्पिंग अस”, म्हणजे आपल्याला मदत करण्याची त्याची इच्छा खरी आहे.

चौथी गोष्ट पत्राची. ज्याचे नाव माहीत नाही, ज्याला “डिअर सर” किंवा “डिअर मॅडम” लिहिले, त्या पत्राच्या शेवटी “युवर्स फेथफुली”. ज्याला नावाने संबोधले, त्याला “युवर्स सिन्सिअरली”. ही ब्रिटिश रीत, आपल्या कचेऱ्यांत तीच चालत आली. अमेरिकेत नुसते “सिन्सिअरली” लिहिले तरी चालते. आणि ‘युवर्स’मध्ये वर स्वल्पविरामासारखे चिन्ह कधीही देऊ नये. ही चूक साहेब लोकांच्या पत्रांतही आम्ही पाहिली आहे. इंग्रजांच्या काळात अर्जाखाली “आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक” अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहीत. ते आता गेले हे बरेच झाले. आपल्या लोकांनी तरी ते पुन्हा कोणाच्या पायाशी लिहू नयेत.

धडा छान रंगला. मुलांनी वह्या भरल्या. फळ्यावर आम्ही चुकीचे वाक्य म्हणून “आय ॲम सिन्सिअर गर्ल” हेच लिहिले होते. ती मुलगी तिसऱ्या सतरंजीच्या जागी भिंतीला टेकून बसली होती. नाव न घेता तिचेच वाक्य फळ्यावर आले म्हणून ती थोडी लाजली. वर्ग सुटल्यावर ती क्षणभर घुटमळली. आम्ही मंडपवाल्याशी फोनवर बोलत होतो. ती निघून गेली.

कारण दिवस जयंतीचे होते. अकरा एप्रिलला महात्मा फुले जयंती, चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. आम्ही समितीचे सचिव. ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी, रक्तदान शिबिराची पत्रे, वर्गणीची पावतीपुस्तके, खिरीसाठी दूध, पाहुण्यांचा प्रवास, सगळे आमच्याकडे. चौदा तारखेच्या रात्री आम्ही ‘शिका’ या विषयावर पंचवीस मिनिटे भाषणही केले. टाळ्या पडल्या. घरी आलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. कृतार्थ वाटत होते.

सतरा तारखेला हिशेब जुळवायला बसलो. पावतीपुस्तकांच्या फायलीत दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाच्या मध्ये ते दोन कागद सापडले. घडी जशी घातली होती तशीच होती.

वाचकहो, त्या क्षणी काय वाटले ते लिहिता येत नाही. तसेच उठून तिच्या घरी गेलो. आईने दार उघडले. “जय भीम भाऊ, या ना,” म्हणून चटई टाकली, चहा ठेवला. मुलगी आतून आली. आम्ही कागद पुढे केले आणि चुकले असे सांगितले. ती म्हणाली, “असू द्या काका. मी शेवटच्या रात्री अकराला आहे तसंच पाठवलं. ‘अ’ तेवढा घातला.”

आम्ही विचारले, मग आठवण का नाही केलीस? रविवारी समोर तर होतीस.

“तुम्ही जयंतीच्या गडबडीत होतात. आणि तुम्ही मनापासूनच हो म्हणाला होतात, ते काय मला माहीत नाही? मनात असूनही एखाद्याला जमत नाही.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते. पुढे त्या फेलोशिपच्या मुलाखतीला तिला बोलावणे आले नाही. ते आमच्यामुळेच आले नाही असे म्हणता येणार नाही. अर्ज शेकड्याने येत असतील. पण आमच्यामुळे नाही असेही आम्हाला आता कधी म्हणता येणार नाही.

त्या रात्री झोप लागेना. मनात असूनही जमत नाही, हे वाक्य कुठेतरी वाचले आहे असे वाटत राहिले. मग आठवले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या मालेतील चौदावा खंड हिंदू कोड बिलाचा आहे. विहाराच्या कपाटात तो आहे. दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन गेलो आणि ते पान काढले.

प्रसंग सर्वांना माहीत आहे, तरी सांगतो. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, एकपत्नीत्व, घटस्फोटाचा हक्क, असे या देशातील स्त्रीला माणूस म्हणून उभे करणारे हे बिल. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी त्यासाठी रात्रीचा दिवस केला. विरोध झाला, चर्चा लांबल्या, सप्टेंबर 1951 मध्ये त्यातला विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी आधी घ्यावा असे ठरले आणि तोही चार कलमांपुढे जाऊ न देता सोडून देण्यात आला. 27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये राजीनाम्याची कारणे संसदेत सांगायची, तर उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी मागितली. बाबासाहेबांनी ती अट मानली नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले.

त्या निवेदनात पंतप्रधान नेहरूंविषयी एक वाक्य आहे. बाबासाहेबांनी नेहरूंना खोटे म्हटलेले नाही. त्यांचा आशय असा की पंतप्रधान ‘सिन्सिअर’ होते, तरी हे बिल पार पाडण्यासाठी जी ‘अर्नेस्टनेस’ आणि जो निर्धार लागतो तो त्यांच्याकडे नव्हता, असे आपले मत झाले. रागाच्या भरात राजीनामा देणारा दुसरा कोणी असता, तर त्याने समोरच्याला ढोंगी ठरवून मोकळा झाला असता. बाबासाहेबांनी शब्द तोलून वापरला. ‘सिन्सिअर’ हे नेहरूंचे देणे त्यांना दिले आणि ‘अर्नेस्ट’ हे जे त्यांचे नव्हते, ते दिले नाही. पुढे 1955 आणि 1956 मध्ये तेच विषय चार वेगळ्या कायद्यांच्या रूपाने नेहरूंच्याच काळात मंजूर झाले, हेही खरे. पण 1951 साली जे निसटले, त्याची किंमत मधल्या वर्षांतल्या स्त्रियांनी मोजली.

आम्ही रविवारी मुलांना ऑनेस्ट, जेन्युइन, हार्टफेल्ट सगळे शेजारी दाखवले, पण हा सख्खा शेजारी दाखवायचा राहून गेला होता. शब्दकोशात दोन्ही शब्दांचे मराठी अर्थ जवळजवळ एकच दिसतात, त्यामुळे आम्ही त्याच्याकडे लक्ष दिले नव्हते. पण बाबासाहेबांच्या त्या एका वाक्यात दोघांमध्ये केवढे अंतर आहे! मनात खोट नाही तो सिन्सिअर. मनातली गोष्ट तडीस नेण्यासाठी जो जिवाचे रान करतो तो अर्नेस्ट. आपल्या चळवळीच्या भाषेत हा फरक आपण रोज करतो. “प्रामाणिक कार्यकर्ता आहे” असे म्हणतो, ते वेगळे. “तळमळीचा कार्यकर्ता आहे” असे म्हणतो, तेव्हा आवाजच बदलतो. ‘अर्नेस्ट रिक्वेस्ट’ म्हणजे कळकळीची विनंती. ‘अर्नेस्ट एफर्ट’ म्हणजे मनापासून, नेटाने केलेला प्रयत्न. “द वर्क बिगॅन इन अर्नेस्ट” म्हणजे आता काम खऱ्या अर्थाने सुरू झाले, गंमत संपली. ऑस्कर वाइल्डचे 1895 साली रंगमंचावर आलेले ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ हे नाटक प्रसिद्ध आहे. त्यात अर्नेस्ट हे माणसाचे नाव आणि अर्नेस्ट हे विशेषण यांच्यावर श्लेष केला आहे. नावात पहिल्या अक्षरानंतर ‘ए’ नाही, विशेषणात आहे. मुलांनी स्पेलिंग लिहिताना ते जपावे.

आणि आमच्या कचेरीत तर हा शब्द रोज टेबलावर असतो. निविदा भरताना ठेकेदाराला ‘अर्नेस्ट मनी डिपॉझिट’ भरावे लागते. मराठीत तिला बयाणा रक्कम म्हणतात. घर-जमिनीच्या व्यवहारात इसार म्हणतात. शब्दांची मुळे शोधणारे म्हणतात की पैशाचा ‘अर्नेस्ट’ आणि मनाचा ‘अर्नेस्ट’ हे मुळात दोन वेगळे शब्द, पुढे इंग्रजीत त्यांचे रूप एक झाले. असेल. पण कारकुनाला यातून जो बोध व्हायचा तो झाला. ठेकेदाराचे पत्र कितीही गोड असो, बयाणा भरला नसेल तर त्याची निविदा आम्ही बाजूला काढतो. तुमची इच्छा खरी आहे हे आम्हाला मान्य, पण त्यासाठी तुम्ही स्वतःचे काय अडकवले, एवढेच कचेरी विचारते.

त्या मुलीला दिलेल्या शब्दापोटी आम्ही काय अडकवले होते? एक संध्याकाळ नाही, अर्धा तास नाही. शब्द सच्चा होता, बयाणा शून्य. जो शेरा आयुष्यभर दुसऱ्यांनी आमच्यावर मारला म्हणून आम्ही चिडत होतो, तो त्या आठवड्यात आम्हाला तंतोतंत लागू पडला. ‘अ सिन्सिअर वर्कर.’ त्यापुढे काही नाही.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे, तशीच सम्यक व्यायाम म्हणजे योग्य प्रयत्नही आहे. वंदनेच्या वेळी आम्ही दोन्ही एका दमात म्हणून जातो. महापरिनिर्वाणापूर्वी भगवंतांनी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, त्यातही अप्रमादावरच भर आहे. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे, जे करायचे ते टाळत न बसणे. फायलीत दोन कागद दाबून ठेवून ‘शिका’वर भाषण करणे, याला प्रमाद म्हणतात हे आम्हाला शिकवायला त्या रात्री कोणी भिक्खू यावा लागला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात सगळ्यांसमोर झाले ते सांगितले. लहान मुलांसमोर आपली चूक सांगायला जड गेले. मग फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि फरक समजावला. वर्गातल्या एका चुणचुणीत पोराने विचारले, “काका, मग तुम्ही आता कोण? सिन्सिअर का अर्नेस्ट?” सगळे हसले. आम्ही म्हटले, ते तुम्ही वर्षभरानंतर सांगा.

मे महिन्यात त्या मुलीने दुसरीकडे अर्ज करायचे ठरवले. या वेळी आम्ही कागद घरी नेले नाहीत. तीन संध्याकाळी कचेरीतून परस्पर विहारात गेलो आणि तिच्याबरोबर बसलो. तिने विचारले, “आता ‘सिन्सिअर’ ठेवायचं की ‘अर्नेस्ट’?”

आम्ही म्हटले, दोन्ही काढून टाक. स्वतःविषयी ही विशेषणे स्वतः वापरू नयेत. ती दुसऱ्याने वापरायची असतात. आपल्या मराठीतला ‘प्रामाणिक’ हा शब्दही प्रमाणावरून आला आहे आणि प्रमाण म्हणजे पुरावा. तू पुरावा लिही, विशेषण वाचणारा मनात घालील.

तिला आम्ही मुक्ताबाईंचे उदाहरण दिले. याच पुण्यातल्या जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी. वय जेमतेम चौदा. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला आणि तो 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या माणसांवर काय काय गुदरते ते तिने नीट मांडले. आज दीडशेहून अधिक वर्षांनी वाचणाऱ्याला तिची तळमळ जाणवते ती मांडलेल्या हकिकतीमुळे.

मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग तिने लिहायला घेतले. पहाटे पाचला नळाला पाणी येते, ते भरून झाल्यावर आई कामाला जाते आणि मग दोन धाकट्या भावांची शाळा होईपर्यंत आपण अभ्यास करतो. विहाराच्या ग्रंथालयाची नोंदवही आपण तीन वर्षे ठेवली, त्यात आजवर एकही पुस्तक हरवलेले नाही. प्रयोगशाळेत एकदा निष्कर्ष चुकला, तेव्हा सरांनी न विचारता आपणच तो सांगितला आणि प्रयोग पुन्हा केला. हे तिने कधी आम्हाला सांगितले नव्हते. दाखल्यावर ओबीडियंट लिहून घेण्यासारखे यात काही नाही. यात एक माणूस उभा आहे, आणि तो खाली मान घालून उभा नाही.

इंग्रजी आम्ही थोडेसेच दुरुस्त केले. शेवटी पत्त्यावर संस्थेच्या संचालकांचे नाव होते, म्हणून तिने न विचारता “युवर्स सिन्सिअरली” लिहिले. चिन्ह न घालता लिहिले. तो शब्द तिथे शोभला. अर्ज मुदतीच्या सहा दिवस आधी गेला.

वडिलांची ती फ्रेम अजून भिंतीवर आहे. वडील आता नाहीत. पूर्वी तिच्याकडे पाहिले की शाळेचा राग येई. आता दाखल्यातला ‘सिन्सिअर’ वाचला की आम्ही त्याच्यापुढे मनातल्या मनात एक प्रश्न लिहितो, बयाणा भरला का? काही आठवड्यांत उत्तर ‘हो’ असते, काही आठवड्यांत नसते. नसते तेव्हा फायली उघडून पाहतो, कोणाचे कागद आत राहिले आहेत का.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही कोणीतरी लहानाने कोणाला तरी कागद देऊन ठेवला असेल. आज रात्री जेवणापूर्वी तेवढा शोधा, ही आमची कळकळीची, म्हणजेच अर्नेस्ट, विनंती.

जय भीम!